संपलेल्या अकरा पुस्तकांकडे आधी बघा

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी २४ वर्षांची. गाव कोरेगाव तालुक्यातलं, नोकरी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत, रोज एसटीने जाऊन-येऊन. दोन वर्षांपासून मोबाइलमध्ये ‘वाचायची पुस्तकं’ अशी यादी चालू आहे, ती १६३ वर गेली. त्यातली ११ वाचून झाली, तीसेक अर्धवट पडली. झालेल्या अकरात चार रहस्यकथा, तीन बायकांची आत्मचरित्रं, दोन प्रवासवर्णनं, एक पत्रसंग्रह आणि एक दुष्काळावरचं पुस्तक. दर वर्षी ग्रंथमहोत्सवातून पुस्तकं येतात आणि कपाटात तशीच राहतात; आई विचारते, ‘ही काय भाकरीबरोबर खायची?’ वाचलेलं महिन्याभरात विसरायला होतं. पुस्तकांबद्दल काय वाटलं ते ती एका वहीत लिहिते, पण नंतर वाचताना ते बालिश वाटतं. त्यात लग्नाच्या बायोडेटावर ‘छंद : वाचन’. परवा बघायला आलेल्या मुलाच्या आत्याने ‘सध्या काय वाचतेस?’ असं विचारलं, तेव्हा पर्समध्ये रहस्यकथा असताना तिने यादीतल्या एका जाडजूड, नावाजलेल्या कादंबरीचं नाव सांगितलं. तिचे प्रश्न दोन : यादी संपवायची कशी, आणि वाचनाचा वेग वाढवायचा कसा?

*

तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून की काय, १६३ हा आकडा तुम्हाला थकबाकीसारखा दिसतो आहे आणि वाचून झालेली ११ पुस्तकं म्हणजे जेमतेम वसुली. पण हे कर्ज काढलं कुणी? पत्रात तुम्हीच लिहिलं आहे की निम्मी नावं रील बघताना टिपली, काही कॉलेजच्या सरांनी सांगितली, काही ‘मरण्याआधी वाचायलाच हवीत’ छापाच्या याद्यांतून आली. म्हणजे यादी तुमच्या मोबाइलमध्ये असली तरी ती दहा-वीस अनोळखी माणसांच्या आवडीची बेरीज आहे. ती संपत नाही यात नवल नाही.

वेगाचा प्रश्न आधी निकालात काढू. वेगवाचनाच्या कोर्सवर पैसे घालू नका. डोळे ओळींवरून भरभर फिरवता येतात, पण समज त्यांच्या मागे धावत नाही. जो विषय आधीच ओळखीचा असतो तोच झपाट्याने वाचून होतो. त्यापेक्षा स्वतःचा वेग मोजा. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावून तीन वेगळ्या पुस्तकांची किती पानं होतात ते बघा : एक कादंबरी, एक आत्मचरित्र, एक माहितीपर. समजा सरासरी १२ पानं निघाली. दिवसातून अशा दोन बैठका, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १२० आणि महिन्याला सुमारे ५०० पानं. अडीचशे पानांची दोन पुस्तकं. वर्षाला २४. उरलेल्या १५२ पुस्तकांना या हिशेबाने सहा वर्षं चार महिने लागतील, तेही मध्ये एकही नवं नाव न जोडता. वेग दीडपट केलात तरी चार वर्षांहून जास्त. वर्षाला ५२ पुस्तकं वाचल्याचे फोटो टाकणाऱ्यांकडे बघून जीव खालीवर करू नका; आकडा गाठायचा असला की माणूस नकळत पातळ पुस्तकं उचलायला लागतो.

आता त्या अकरा पुस्तकांकडे या. ‘फक्त अकरा’ असं तुम्ही म्हणता. खरं तर तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे, कारण ती कुणी शिफारस केली म्हणून संपलेली नाहीत, तुम्हाला ओढ लागली म्हणून संपली. चार रहस्यकथा आणि तीन आत्मचरित्रं वरवर एकमेकांपासून लांबची दिसतात. पण दोन्हींत कुणीतरी काहीतरी सांगत असतं आणि काहीतरी दडवत असतं, आणि वाचणारा त्या दोहोंमधली फट शोधत पुढे जातो. पत्रसंग्रहातही तेच. तुम्ही अशा वाचक आहात. ‘खरं वाचन’ आणि ‘पर्समधलं वाचन’ ही फाळणी तुमची तुम्हीच केली आहे. चांगल्या रहस्यकथेत लेखकाने धागा कुठे पेरला होता ते मागे जाऊन शोधणारा वाचक कुठल्याही गंभीर कादंबरीला घाबरायचं कारण नाही. तोच डोळा तिथेही लागतो.

म्हणून यादीचं असं करा. एका रविवारी १६३ नावं कागदावर उतरवा. मोबाइलवर नको, तिथे नुसतं खाली सरकवत राहणं होतं. प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहा : हे कुणी सांगितलं, आणि मला यातून काय कळून घ्यायचंय. दुसऱ्या रकान्यात अर्ध्या मिनिटात काही सुचलं नाही तर नावावर काट मारा. ‘सगळे वाचतात’ हे उत्तर चालणार नाही. ज्यांच्यापुढे खरंच काही लिहिलं गेलं त्यांतली १२ नावं वेगळी काढा. ही चालू यादी. बाकीची नावं वहीच्या शेवटच्या पानांवर गोदामात. नियम एकच : चालू यादीतलं एक नाव गेल्याशिवाय नवं आत येत नाही, मग ते वाचून जावो की सोडून.

तुमच्या यादीतली पन्नासेक इंग्रजी पुस्तकं ‘यशस्वी कसं व्हावं’ या जातीची आहेत. त्यांतली दोन ठेवा, बाकीची बिनधास्त उडवा. या पुस्तकांचा मुद्दा बहुतेक वेळा पहिल्या ४० पानांत सांगून होतो आणि पुढे उदाहरणं येत राहतात. तुम्ही ती नेमकी तिथेच सोडता, हा दोष तुमचा नाही.

बारा नावं कशी निवडावीत याचा एक नमुना देते, तुमच्याच आवडीच्या वाटेवरचा. बायकांची आत्मचरित्रं सुटी-सुटी वाचण्याऐवजी काळाच्या क्रमाने तीन घ्या. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागांनी आली. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात १९८६ मध्ये आलं. त्या तुमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या. तिन्ही वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवा : ही बाई नवऱ्याबद्दल काय सांगते आणि कुठे गप्प बसते? रमाबाई आदराच्या आडून बोलतात. लक्ष्मीबाई हसत हसत असं काही सांगून जातात की आपण दोन पानं पुढे गेल्यावर दचकतो. बेबीताई वस्तीबद्दल भरभरून लिहितात आणि स्वतःच्या संसाराबद्दल फार थोडं. तीन सुट्या शिफारशींपेक्षा असा एक प्रश्न तुम्हाला जास्त पुढे नेईल, आणि चौथं पुस्तक कुठलं हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल. ‘स्मृतिचित्रे’ घेताना मात्र संपूर्ण आवृत्ती आहे ना ते बघा. संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात, आणि त्यांत नेमक्या गमती गळतात.

यावरून पुस्तकाचा कस कसा लावायचा त्याकडे येते, कारण तुमची तीस पुस्तकं अर्धवट पडली ती बहुतेक इथेच चुकून. पुस्तक घरी आणण्याआधी त्याला दहा मिनिटं द्या. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर सोडा, ती जाहिरात असते. आतलं शीर्षकाच्या मागचं पान उघडा. पहिली आवृत्ती कधीची, ही कितवी, आणि अनुवाद असेल तर नेमका कुठला शब्द छापला आहे ते वाचा : अनुवाद, रूपांतर, स्वैर अनुवाद की संक्षिप्त. रूपांतरात माणसांची नावं, गावं, कधीकधी शेवटही बदललेला असतो. ते वाईट नव्हे, पण मूळ पुस्तक वाचलं असं म्हणता येत नाही. एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद मिळत असतील तर दोन्हींचं पहिलं पान शेजारी ठेवून वाचा. ज्यात वाक्य दोनदा वाचावं लागतं तो परत ठेवा, अनुवादक कितीही मोठा असो.

प्रस्तावना सोडून द्या. मराठीत जुन्या कादंबऱ्यांना तीस-चाळीस पानांच्या अभ्यासपूर्ण प्रस्तावना असतात आणि त्यांत शेवट सांगून टाकलेला असतो. तुमच्यासारख्या रहस्यकथावाल्या वाचकाचा तर त्यात खूनच होतो. ती पुस्तक संपल्यावर वाचा, तेव्हा ती दुप्पट कळते. मग पहिली दोन पानं, आणि पुस्तकाच्या साधारण एक तृतीयांशावरची दोन पानं वाचा. पहिल्या पानांवर लेखक नटूनथटून उभा असतो. घरात तो कसा वागतो ते मधल्या पानांवर दिसतं. तिथले संवाद ओठांतल्या ओठांत म्हणून बघा. शेवटी छपाई बघा. बारीक टाइप, पाठीमागची शाई पुढे दिसणारा कागद, अगदी कण्यापर्यंत गेलेल्या ओळी, हे बसच्या प्रवासात पुस्तक सुटण्याचं फार मोठं कारण असतं आणि माणूस दोष मात्र स्वतःच्या एकाग्रतेला देतो.

सोडायचं कधी? ५० पानं द्या, चारशे पानांच्या वरचं असेल तर ७०. पण अवघड आणि कंटाळवाणं यांत गल्लत करू नका. अवघड पुस्तक वाचताना दमायला होतं, तरी भांडी घासताना ते डोक्यात घोळत राहतं. कंटाळवाण्याची खूण म्हणजे आपण पानांचे आकडे बघायला लागतो. बोलीभाषेतलं पुस्तक असेल, माणदेशी म्हणा किंवा खानदेशी, तर पहिली १५-२० पानं मोठ्याने वाचा. कान बसला की डोळे आपोआप पळतात. माणसांची गर्दी असलेल्या कादंबरीत पात्रांची नावं आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून तीच खूण म्हणून वापरा. नातीच लागत नसल्यामुळे मोठ्या कादंबऱ्या पानं ६० ते ८० च्या दरम्यान गळपटतात. एवढं करूनही नाही जमलं तर वहीत तारीख, पान आणि एका ओळीत कारण लिहा आणि सोडा. एकदाच परत संधी द्यायची, वर्षभराने.

हा कस लावायला जागा हवी, आणि त्या बाबतीत तुमचा जिल्हा भाग्यवान आहे. साताऱ्याच्या नगर वाचनालयाचं सभासदत्व घ्या. अनामत आणि वर्गणी मिळून जो खर्च होईल तो ग्रंथमहोत्सवातल्या एका पिशवीपेक्षा नक्की कमी असेल. पुस्तकं कपाटामागे असतील आणि नाव सांगून मागवावी लागत असतील, तर काउंटरवर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बघायची सवय लावा. गावातली माणसं खरोखर काय वाचतात ते तिथे कळतं. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत, वापरणाऱ्या वाचनालयात मराठी कादंबरी-कथा ८९१.४६३ वर आणि कविता ८९१.४६१ वर सापडतात. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी लेखी नोंदवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

सुटीच्या दिवशी पाचगणीजवळच्या भिलारला जा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे; घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून फुकट वाचता येतात, घरी नेता येत नाहीत. फोटो काढायला जाणारे पुष्कळ. तुम्ही चिठ्ठीवर १५ नावं लिहून जा आणि त्या एका दिवसात त्यांचा कस लावून या. घरं विखुरलेली आहेत, म्हणून आत्मचरित्रं कुठे आणि कथा-कादंबऱ्या कुठे ते पोचल्यावर आधी विचारून घ्या. वाचताना एखादी संस्था, चळवळ, जुना कायदा अडला तर मराठी विश्वकोश बघा; तो वाईत तयार होतो आणि इंटरनेटवर मोफत आहे. टेलिग्रामवरच्या चोरट्या पीडीएफपासून लांब राहा, त्यांत पानं गायब असतात आणि लेखकाला छदामही मिळत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ती घ्या.

एसटीत वाचायला सुट्या कथा, पत्रं, ललित लेख घ्या, आठ ते पंधरा पानांचे. कादंबरी रात्रीसाठी ठेवा. मळमळत असेल तर मागच्या चाकांवरची जागा टाळा, पुस्तक मांडीवर न ठेवता डोळ्यांसमोर धरा, आणि रस्ता खराब लागला की बंद करा. स्टँडवर गाडीची वाट बघण्यातच तुमची एक बैठक सहज निघते.

आता वही. ती बालिश नाही, अपुरी आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ‘खूप आवडलं, पण शेवट पटला नाही’ एवढंच आहे. यातलं ‘शेवट पटला नाही’ हे उत्तम निरीक्षण आहे, फक्त ते तिथेच सोडून दिलंय. पुढे तीन प्रश्न विचारा. कुठल्या पानापर्यंत पटत होतं? तिथे कोण असं काय करतं, की जे त्याने आधीच्या पानांत कधीच केलं नसतं? आणि लेखकाने त्याची तयारी मागे कुठे केली होती का? तिसऱ्या प्रश्नासाठी मागे जाऊन शोधावं लागेल, आणि दहातल्या तीन वेळा सापडेल की तयारी होती, तुमच्याच नजरेतून निसटली. समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

प्रत्येक पुस्तकाला वहीत समोरासमोरची दोन पानं द्या. वाचताना वही उघडायची नाही, नाहीतर वाचन सोडून लिहिणं सुरू होतं. खुणेच्या चिठ्ठीवर फक्त पानाचा आकडा आणि दोन-तीन शब्द. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलसुद्धा लावू नका. पुस्तक संपलं की एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता पाच-सहा ओळींत लिहा : यात काय झालं. हे जड जातं, आणि म्हणूनच उपयोगी आहे. वाचलेलं परत वाचण्यापेक्षा न बघता आठवण्याने ते जास्त टिकतं. तुमच्या विसरण्यावर औषध हेच. मग पुस्तक उघडून एक परिच्छेद हाताने उतरवून घ्या, पानाच्या आकड्यासह. उतरवताना वाक्याची लांबी हाताला जाणवते, डोळ्यांना जाणवत नाही. शेवटी एक ओळ : हे कुणाला देईन, आणि कुणाला अजिबात देणार नाही. डावीकडे रुंद समास सोडा आणि तीन महिन्यांनी तिथे दुसऱ्या शाईने काय उरलं ते लिहा. पात्रांची नावं गेली असतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती सगळ्यांचीच जातात.

आणि बालिश वाटण्याबद्दल : बेबीताई फलटणला लहानसं दुकान चालवता चालवता लिहीत होत्या आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवत होत्या. वही कुणाला दाखवायची की नाही ते नंतर ठरवा. घाई नाही. पण लाजून फाडू नका.

आईच्या प्रश्नावर रागावू नका, तो पैशाचा प्रश्न आहे आणि रास्त आहे. वर्षभर नवं पुस्तक विकत घेण्याआधी ते वाचनालयातून वाचायचं, आणि परत वाचावंसं किंवा कुणाला द्यावंसं वाटलं तरच घ्यायचं, एवढं पाळा. ग्रंथमहोत्सवात पहिल्या फेरीत फक्त नावं आणि किमती टिपा, खरेदी दुसऱ्या दिवशी. सवलतीची पाटी बघून घेतलेली पुस्तकंच कपाटात पडून राहतात.

राहिली आत्या. खोटं लहानसं आहे, पण पुढच्या भेटीत त्या कादंबरीबद्दल कुणी विचारलं तर त्रेधा उडेल. तशी वेळ आलीच तर सरळ सांगा, ‘ते अजून वाचायचंय, तेव्हा पर्समध्ये रहस्यकथा होती.’ ज्या घरात हे हसण्यावारी नेलं जाईल त्या घराबद्दल तुम्हाला काहीतरी कळेल, आणि जिथे नाक मुरडलं जाईल तिथेही. बायोडेटावर नुसतं ‘वाचन’ लिहू नका, ‘रहस्यकथा आणि आत्मचरित्रं’ असं लिहा. आणि प्रश्न एकाच बाजूने का? ‘तुमच्याकडे कोण वाचतं? मुलगा काय वाचतो? इथून वाचनालय किती लांब?’ हे तुम्हीही विचारा. शेवटचा प्रश्न तर सगळ्यात कामाचा.

एक शेवटची सूचना, पत्राच्या तळाशी तुम्ही ‘पुस्तकांबद्दल बोलायला कुणी नाही’ असं लिहिलंय म्हणून. पतसंस्थेत तुम्ही सहाजणींची पैशांची भिशी आहे, तशीच पुस्तकांची लावा. प्रत्येकीने २५० रुपयांच्या आतलं आपल्या पसंतीचं एक पुस्तक आणायचं आणि दर महिन्याच्या १ तारखेला ते पुढच्या हातात द्यायचं. सहा महिन्यांत सहाही पुस्तकं सगळ्यांकडे फिरून होतात आणि मालकिणीकडे परत येतात. वाचून पूर्ण करायची सक्ती ठेवू नका, कारण सक्ती आली की तिसऱ्या महिन्यात दोघी गळतात. पण तारीख चुकवायची नाही. एकीने ‘फक्त वीस पानं राहिलीत’ म्हणून आठ दिवस मागितले की पुढच्या सगळ्यांची साखळी अडते. तिला ती वीस पानं फेरी संपल्यावर वाचायला द्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक कोरी चिठ्ठी टाचणीने लावा, गोंदाने नको, आणि प्रत्येकीने आपलं मत त्यावर एका ओळीत लिहून चिठ्ठी दुमडून ठेवायची. पुस्तक घरी परत आल्यावरच ती उघडायची.